‘देव राखो’ म्हणायचं राहून गेलं

पोत्सुओली,
डिसेंबरातला पहिला रविवार

तीर्थरूप राकेले मावशीला,

लिंदाचा वाकून नमस्कार. (गुडघे परवानगी देतील तेवढंच वाकून, उरलेला मनातून.) तुझे गुडघे कसे आहेत? खांद्याची कळ थांबली का, की अजून प्रोचिदा बेटाच्या धक्क्यावर दक्षिणेचा वारा सुटायच्या आधी त्या खांद्यालाच बातमी लागते? मांजर परत आलं का? नसेल आलं तर शेजारच्या विधुराकडे बघ, गेल्या वेळीही त्यानेच खाऊ घालून ठेवून घेतलं होतं. तू पाठवलेली लिंबं पोचली. जाड सालीची, तुझ्या अंगणातली, फोडी करून मीठ, मिरची आणि पुदिना लावून उभ्या उभ्याच संपवली. फार सुंदर होती. देव राखो त्या झाडाला. (बघ, म्हटलं. लेखी म्हटलं. हे पत्र जपून ठेव, पुढे पुरावा म्हणून लागेल.)

आता भांडते. राग निवायला दहा दिवस दिले, निवला नाही. मावशी, त्या गुरुवारी सकाळी फ्योरेल्लाचा तुला रडत रडत फोन आला, तू ताटलीत पाणी घेतलंस, वर तेलाचे थेंब सोडलेस, ते पसरले, आणि तू तिला सांगितलंस की दृष्ट लागली आहे, बाईची आहे आणि रक्ताच्या नात्यातली आहे. सांगितलंस की नाही? मग मला हेही सांग, आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेत फ्योरेल्लाच्या रक्ताच्या नात्यातली बाई कोण? खिडकीतलं कबूतर? सरळ माझं नाव घेतलं असतंस तर परवडलं असतं, मी वर्षभर तुझ्याशी बोलले नसते आणि विषय मिटला असता. तू नाव न घेता नाव घेतलंस. तेव्हापासून मी कॉफी प्यायला गेले की लोक खिशात हात घालून किल्ल्या चाचपतात, दृष्ट टळायला बोटांना लोखंड लागलं की मगच माझी विचारपूस करतात. आणि हे सगळं झालं कधी? ज्या आठवड्यात थंड खोली तिला मिळणार की मला हे ठरायचं होतं, नेमकं त्याच आठवड्यात!

खोलीचं तुला नीट माहीत नसेल. आमच्याकडे अशा दोन खोल्या होत्या, उन्हाळा-हिवाळा एकाच गारव्याच्या. गेल्या वसंतात जमीन जरा जास्त हलली आणि एकीची भिंत तडकली. (जमीन हलायचं तुला काय सांगायचं, आता तर इतकी वर आली आहे की समुद्राचं पाणी ओढणारा आमचा पाइप हवेत लोंबतो आणि पाणी बोटीवरून बादल्यांनी आणावं लागतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे.) म्हणजे खोली उरली एक आणि प्राणी दोन, एक माझा, एक तिचा. संचालक जिराउदो म्हणाले, बाहेरून समिती बोलावू, ती म्हणेल तो प्राणी खोलीत ठेवू. आणि जी हरेल तिने काय करायचं, असं मी विचारलं, तर म्हणतात, ‘कागदोपत्री पुष्कळ काम आहे की.’ मावशी, तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई मी. मला कागदोपत्री कामाला बसवायचं म्हणजे आमच्या नावाड्याची, तोतोन्नोची, बोट विकून त्याला बसचा कंडक्टर करायचं.

तुझी अजून समजूत आहे की आम्ही दोघी मासे पाळतो. (ईस्टरला तू सगळ्यांसमोर विचारलंस, ‘तुमचे ते तळून चांगले लागतात की उकडून?’ जिराउदो हसून हसून पंक्तीतून उठले.) मासे नव्हेत गं. माझी आहे ती काचेच्या सुरईसारखी, बोटभर उंच, बोटींच्या दोरांना लगडून वाढते. शास्त्रात तिला चिओना म्हणतात आणि शिंपल्यांची शेती करणारे तिला जे म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही. पण तिचं पिल्लू बघशील तर! शेपटीवालं, शेपटीत कण्यासारखी दांडी, म्हणजे नात्याने आपल्यातलंच, आणि अंग आरपार. अंड्याच्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, हे काही न कापता, न फाडता नुसतं बघता येतं. माणसाचं अंग कसं घडतं ते बघायला आईच्या पोटात भिंग लावून बसता येत नाही, म्हणून आम्ही या आरपार नातलगांकडे डोकावतो. मोठ्या सुरईचं हृदयही मोठं गमतीचं आहे. थोडा वेळ रक्त एकीकडे ढकलतं, मग थांबतं, विचार केल्यासारखं करतं आणि उलटीकडे ढकलायला लागतं. मी त्यावर तीस वर्षं घालवली आणि ते का उलटतं हे मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण आमचं बरं चाललं होतं.

फ्योरेल्लाची निराळी. ओइकोप्लेउरा तिचं नाव. मी तिला बिऱ्हाडकरू म्हणते. धड तिळाएवढं, शेपूट त्याहून तिप्पट-चौपट लांब, तीही आरपार. स्वतःच्या अंगातून शेंबडासारखं काही काढते, फुगवते आणि त्यात राहायला जाते. त्या घराला जाळीच्या खिडक्या असतात, त्यातून गाळून आलेलं खाते. खिडक्या तुंबल्या की झाडलोट नाही की डागडुजी नाही, घर टाकून देते आणि दुसरं फुगवते! दिवसात चार-पाच घरं सहज. मी पोत्सुओलीतल्या दोन खोल्यांसाठी अर्धं आयुष्य झिजले, त्या खोल्यांना वर्षाला एक नवी भेग पडते, आणि ही शेंबडी मेली सकाळ-संध्याकाळ नव्या घरात. तेव्हा जळते का मी? जळते. स्वच्छ सांगते. आधी त्या तिळाएवढ्या जनावरावर जळते आणि मग फ्योरेल्लावर.

कारण फ्योरेल्लाला इथे आणली कोणी? मी. तुझ्या धाकट्या बहिणीची पोर, सोळा वर्षांनी लहान, माझं बघून समुद्राच्या नादाला लागली, माझ्याच शब्दावर इथे चिकटली. तिला पिचकारीने जनावर कसं उचलायचं ते मी शिकवलं. आता टीव्हीवाले येतात ते तिच्याकडे. शाळेची मुलं येतात ती तिच्या बरण्यांभोवती उभी राहतात, आणि माझ्या सुरयांकडे बघून त्यांच्या बाई म्हणतात, ‘याला हात लावू नका हं.’ आणि गेले काही आठवडे तर तिचा थाट बघवत नव्हता. बोटीवर जायचं नाही, कारण डिझेलचा वास सहन होत नाही. भरलेली बरणी उचलायची नाही, ती जिराउदोंनी उचलायची. दर थोड्या वेळाने स्टुलावर टेकायचं आणि लिंबाची फोड चोखायची. (जाड सालीची! म्हणजे तिलाही पाठवलीस? मला वाटलं होतं, मलाच.) मी मनात म्हटलं, समिती येणार म्हणून राणीसाहेब आधीपासूनच सिंहासनावर बसायची सवय करताहेत.

तर मंगळवार. मी थंड खोलीत माझ्या सुरयांचं पाणी बदलायला गेले होते. फ्योरेल्ला म्हणाली, ‘लिंदा, जरा बघतेस का? आज माझ्या डोळ्यांपुढे तरंगतंय सगळं. तुझी नजर बरी.’ मी भिंगाला डोळा लावला आणि मावशी, काय सांगू तुला! घर नुकतंच फुगत होतं. आत ती इवलीशी, शेपूट लाटेसारखी हलवत होती, हृदय टकटक करत होतं, पोटात खाल्लेलं हिरवं दिसत होतं आणि मागे अंड्यांचा सोनेरी पुंजका. सगळं आरपार, सगळं जिवंत. माझ्या सुरईने तीस वर्षांत मला एकदाही असं काही दाखवलं नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘किती सुंदर गं!’ एवढंच. पुढचं, दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं ‘देव राखो’ राहून गेलं.

तू म्हणशील, राहीलच कसं? तेच मी स्वतःला विचारते आहे. रस्त्यातल्या परक्या बाईच्या पोराला गोंडस म्हटलं तरी पाठोपाठ आपोआप येतं ते. मी बाजारात वांग्यांनाही म्हणते. आणि नेमकं तिथे दाताखाली अडकलं. दारात तोतोन्नो पाण्याच्या बादल्या घेऊन उभा होता. त्याने बादल्या खाली ठेवल्या, माझ्याकडे बघितलं आणि दाराच्या लोखंडी कडीला हात लावला. तेव्हाही मी म्हटलं असतं तर चाललं असतं. नाही म्हटलं. कारण मनात आलं होतं, मरोत मेल्या.

बुधवारी सकाळी एका बरणीतल्या साऱ्या बिऱ्हाडकरू तळाला मरून पडलेल्या. प्रत्येक बरणीत एक पातं हळूहळू फिरत असतं, त्याने जनावरं तरंगत राहतात. या बरणीतलं थांबलेलं होतं. मी लगेच सांगितलं की पहाटे जमीन हलली, वीज गेली, बाकीची पाती पुन्हा सुरू झाली आणि हे अडकलं, साधी गोष्ट आहे. तोतोन्नो म्हणाला, ‘डॉक्टरबाई, जमीन तर रोज हलते. ‘किती सुंदर’ तुम्ही मंगळवारीच म्हणालात.’ मी पदवी घेतली आहे, पण त्याचं म्हणणं पदवीने खोडता येण्यासारखं नव्हतं. जिराउदो तोरिनोचे, उत्तरेकडची माणसं या भानगडीत नसतात. त्यांनी ‘आपण शास्त्रज्ञ आहोत’ म्हणून छोटंसं भाषण केलं. भाषण चांगलं झालं, आणि मी त्यांच्या नव्या चष्म्याकडे बघून ‘छान शोभतो’ असं म्हटलं. (मुद्दाम नाही गं, खरंच शोभत होता.) संध्याकाळी त्या चष्म्यावर त्यांचाच पाय पडला. गुरुवारी त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात दृष्ट लागू नये म्हणून बाळगतात ते लाल शिंग लटकलेलं होतं, चांगलं बोटभर लांब.

आणि मग गुरुवारचा तो फोन. दृष्ट कोणाची ते सांगून थांबली असतीस तरी मी गिळलं असतं. पण तू तिला उतारा सांगितलास. ताटलीत पाणी घे, तेल सोड आणि जनावरांच्या डोक्यावरून फिरव! मावशी, त्या जनावराचं डोकं कुठे आहे हे शोधायलाच भिंग लागतं. फ्योरेल्लाने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात ताटली, आणि निघाली बरणीवरून बरणीवर. तू तिकडून मंत्र पुटपुटत होतीस, म्हणजे तसं ती म्हणते. मला नुसत्या तू मांजराला मारलेल्या हाका ऐकू येत होत्या. तेलाचा वास नाकात गेला आणि तिला उमासा आला. हात कलला. थेंब पडले. पुसायला गेली तर आणखी कलला. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग धरला, बिऱ्हाडकरू तरंगत वर आल्या आणि त्या तवंगात चिकटल्या. दुपारच्या जेवणाआधी सगळ्या बरण्या संपल्या होत्या. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होते, बेटावरून बिऱ्हाडं उठवलेली पहिल्यांदाच पाहिली. माझ्या नजरेने गेली असली तर एक बरणी गेली. बाकीच्या तुझ्या तेलाने गेल्या. हे मी जिराउदोंना सांगितलं. ते मान हलवत होते आणि हात खिशात होता.

आता विचार, लिंदा, तुला काय वाटलं? आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी समिती येणार, हिच्या बरण्यांत नुसतं तेलपाणी, आणि माझ्या सुरया रांगेने ठणठणीत उभ्या. खोली माझी. तो आनंद एक कॉफी संपेपर्यंत टिकला. परत आले तर फ्योरेल्ला उलट्या बादलीवर बसून लहानपणी रडायची तशी रडत होती, नाक सुरसुर वाजवत. जवळ कोणी नव्हतं. मला बघून तिने लोखंडाला हात लावला नाही, माझ्या बाहीलाच धरलं. म्हणाली, ‘लिंदा, समुद्रात असतील गं. मला दिसत नाहीयेत आज. तू शोधून दे.’

तोतोन्नो मला बोटीवर घ्यायला तयार नव्हता. (‘तुमच्याबद्दल आदर आहे डॉक्टरबाई, पण इंजिनाबद्दलही आहे.’) तो एकटा जाऊन खाडीतून बादल्या भरून आणत राहिला आणि मी खिडकीशी काळं कापड लावून, बाजूने दिवा धरून, एकेक पेला करत बसले. आरपार जनावर पाण्यात शोधायचं म्हणजे पाण्यात पाणी शोधायचं. डोळा नुसता ठेवायचा असतो, रोखायचा नसतो. मग कुठेतरी शेपटीची एक लाट चमकून जाते. जिराउदोंनी बघितलं, त्यांना काही दिसलं नाही, चष्माच नव्हता. बाकीच्यांनी बघितलं, त्यांना धूळ दिसली. मला दिसत होत्या. एकेक सापडली की मी मोठ्याने ‘देव राखो!’ म्हणायची आणि पिचकारीने उचलून बरणीत सोडायची. दारात उभे असलेले सगळे माझ्या मागोमाग म्हणायचे, जसं काही चर्चमध्येच बसलो होतो. ज्या नजरेला भिऊन खिशात किल्ल्या घट्ट धरल्या, तिच्यावाचूनच सगळ्यांचं अडलं होतं, आणि मला ते आवडत होतं, हेही लिहून ठेवते.

पण सापडत होते ते सगळे नर, नाही तर कच्ची पोरं. अंडीवाली मादी मिळेना. ती नसेल तर आठवड्याभरात वंश खलास, समितीला दाखवणार काय? ऊन उतरत आलं होतं. शेवटच्या बादलीतल्या एका पेल्यात मला सोनेरी ठिपका दिसला. मावशी, फक्त मला दिसला. शेजारी फ्योरेल्ला त्याच पेल्याकडे बघत होती आणि तिला तो दिसत नव्हता. मोरी हाताशी होती. पेला कलता करायचा, बस. कोणाला कळलं असतं? खोली माझी, सुरया माझ्या, सूक्ष्मदर्शक माझा, निवृत्त होईपर्यंत. मी इतका वेळ त्या पेल्याकडे बघत राहिले की फ्योरेल्ला म्हणाली, ‘नाही ना काही? दे ओतून.’ तीच म्हणाली! आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, ‘नीट बघ. ही बघ तुझी अंडीवाली. देव राखो.’ आणि पेला तिच्या हातात दिला.

शुक्रवारी समिती आली. मुख्य बाई डेन्मार्कच्या, उंच, हसऱ्या, रीतीभाती ठाऊक नसलेल्या. फ्योरेल्लाच्या बिऱ्हाडकरूंनी रातोरात घरं फुगवली होती, त्या त्यांनी बघितल्या. मग माझ्या सुरईकडे आल्या. नेमक्या त्याच क्षणी तिचं हृदय थांबलं, विचार केला आणि उलटं फिरलं. बाई भिंगावरून मान न उचलता म्हणाल्या, ‘अहाहा, किती सुंदर!’ आणि गप्प. पुढे काहीच नाही! खोलीतल्या सगळ्यांचे हात खिशात गेले. माझी सुरई उघडी पडली होती आणि मी मेली नुसती लोखंड शोधत होते. तेवढ्यात पलीकडून फ्योरेल्लाने स्टुलावरून उडी मारली, टेबलाच्या लोखंडी पायावर थाप घातली आणि ओरडली, ‘देव राखो!’ डेन्मार्कच्या बाईंना वाटलं, ही आमच्याकडची आभार मानायची रीत असेल. त्यांनीही वाकून टेबलावर थाप घातली आणि ‘देव राखो’ म्हणाल्या. तोतोन्नो दारात पाणावल्या डोळ्यांनी उभा होता.

खोली फ्योरेल्लाला मिळाली. बिऱ्हाडकरूंची एक पिढी आठवड्यात होते, सुरईला महिने लागतात, आनुवंशिकतेचं गाठोडं लहान आहे, उलगडायला सोपं, वगैरे वगैरे. मला दारामागची एक फळी दिली आहे. म्हणजे तीस वर्षांच्या सुरया आता ये-जा करणाऱ्यांच्या कोपराला लागत उभ्या राहणार. मी अभिनंदन केलं, गालांचे मुके घेतले, मिठाईचा तुकडा खाल्ला आणि घरी येऊन भिंतीवरच्या नव्या भेगेकडे बघत बसले. इतका जळफळाट मला माझ्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हाही झाला नव्हता. शोधून मी दिल्या, दृष्ट माझी, आणि खोली तिची. असो. तुझ्या वडीलकीला आणि तुझ्या ताटलीला दुरूनच नमस्कार. यापुढे फोनवरून कोणाची दृष्ट काढू नकोस, आणि काढलीस तर तेल कमी वापर.

तुझी, रक्ताच्या नात्यातली,
लिंदा

ता. क. पत्र बंद केलं होतं, चार दिवस तसंच राहिलं, आज पुन्हा उघडलं. परवा फ्योरेल्ला घरी आली. माझ्यासमोर थंड खोलीची किल्ली ठेवली. म्हणाली, वसंतानंतर ही तुझ्याकडे, माझ्या बिऱ्हाडकरू आणि तुझ्या सुरया, दोन्ही तूच बघ, मला उठबस जमायची नाही. आणि पर्समधून एक काळं-पांढरं चित्र काढलं. पोटातल्या बाळाचं. जूनमध्ये, जर्दाळू पिकतात तेव्हा. (तुला ती स्वतः सांगणार आहे, म्हणून आश्चर्य वाटल्याचं नाटक कर आणि ते नीट कर.) म्हणजे डिझेलचा वास, स्टूल, लिंबं, उमासे, सगळं ते होतं आणि मी, आयुष्यभर गर्भ कसा घडतो ते बघणारी बाई, त्याला थाट म्हणत होते. ती म्हणाली, ‘बघ ना, तुझी नजर चांगली.’ मावशी, मी डोळे मिटले. चष्मा सापडत नाही म्हटलं. तो डोक्यावरच होता.

आणखी एक. मी प्रयोग केला. दोन बरण्या, सारखं पाणी, सारखं खाणं. एकीला रोज ‘देव राखो’ म्हणायचं, दुसरीकडे मुद्दाम रोखून बघायचं, नुसतं ‘किती सुंदर’ म्हणायचं आणि जमेल तेवढं जळायचं. दोन्ही बरण्यांत पोरं झाली, दोन्हींतली ठणठणीत आहेत. म्हणजे माझ्या नजरेत काही नाही, हे सिद्ध झालं. (खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं. वाटलं होतं, निदान तेवढा तरी जोर असेल आपल्यात.) पण बिऱ्हाडकरूवर जे खरं ठरतं ते माणसाला लागू पडेलच असं नाही, तीस वर्षं अनुदानाच्या अर्जांत मी हेच वाक्य लहान अक्षरांत लिहीत आले. आणि बाळावर प्रयोग मी करणार नाही. म्हणून पत्र पुन्हा उघडलं. दृष्ट काढायच्या मंत्राचे ते शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच शिकवता येतात आणि एकीलाच देता येतात ना? मग यंदा ईल मासे तळून झाले आणि सगळे तोंबोला खेळायला बसले की मला स्वयंपाकघरात बोलाव. मी विश्वास ठेवत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी मला शिकव. ते चित्र मला बघायचं आहे.

शेवटचं. बाळाची धर्ममाता कोण होणार हे तिने ठरवलं आहे. घराण्यातल्या प्रत्येक पोराला आजवर बाप्तिस्म्याला तूच हातांवर घेऊन उभी राहिलीस, फ्योरेल्लाला घेतलंस, मला घेतलंस. या वेळी तिने मला विचारलं. तुला काही वाटू नये म्हणून आधीच कळवते. वाटलंच, तर ताटलीत पाणी घे आणि थेंब सोडून बघ. दृष्ट बाईचीच निघेल, आणि रक्ताच्या नात्यातली.